विशीच्या आतली जागतिक शर्यत

२० वर्षांखालील जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा १९८६मध्ये अथेन्सला सुरू झाली. साधारण दर दोन वर्षांनी ती भरते. स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला खेळाडूची विशी पूर्ण झालेली नसावी, ही अट.

२००२ची स्पर्धा किंग्स्टनची. घरच्या प्रेक्षकांसमोर उसेन बोल्ट इतका धास्तावला होता, की त्याने डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घातला! पण २०० मीटरचं सुवर्ण त्यानेच नेलं. वय १५.

भारताला पहिलं सुवर्ण २०१६मध्ये पोलंडच्या बिडगॉश्चला मिळालं. नीरज चोप्राचा भाला ८६.४८ मीटरवर पडला. या वयोगटातला तो विश्वविक्रम. रिओ ऑलिंपिकचा पात्रता निकष ८३ मीटरचा होता, पण मुदत १२ दिवस आधीच संपलेली. नियम म्हणजे नियम, तरी हळहळ वाटतेच.

दोन वर्षांनी फिनलंडमधल्या टाम्पेरेत हिमा दासने ४०० मीटर ५१.४६ सेकंदांत जिंकली. जागतिक स्पर्धेत धावपट्टीवरचं भारताचं हे पहिलंच सुवर्ण.

नैरोबीत, २०२१मध्ये, शैली सिंगने लांब उडीत ६.५९ मीटर गाठले. सुवर्णपदक एका सेंटिमीटरने हुकलं.