फुकटचा सिनेमा महागात पडू नये!

मैत्रिणींनो, २०१६ मध्ये 'सैराट' थिएटरात गाजत असतानाच त्याच्या चोरट्या प्रती मोबाइलवर फिरत होत्या, आठवतं ना? आता वसई-विरारच्या घराघरांत मुलं टॉरेंटवरून सिनेमे उतरवतात आणि आपण कौतुक करतो, "बघा, फुकट मिळाला!"

पण मैत्रिणीला पुस्तक वाचायला देणं वेगळं. तिथं प्रत एकच राहते. टॉरेंटवर सिनेमाचे तुकडे घरी येत असतानाच आपला संगणक तेच तुकडे अनोळखी लोकांना पाठवतो. म्हणजे घेता घेता आपण वाटतही असतो, बरं का!

परवानगीवाचून असं जाणूनबुजून वाटणं हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंदा म्हणून केलं नसेल, तर न्यायालय खास कारणासाठी शिक्षा कमी करू शकतं. पण गुन्हा तो गुन्हाच. शिवाय इंटरनेटची जोडणी यजमानांच्या नावावर असली, तर चौकशी आधी त्यांच्याकडेच येणार!

दोष विळीचा नव्हे, काय चिरलं ते पाहायचं. सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' खुशाल वाटा. नव्या सिनेमाचं मात्र मुलांना आजच समजावून सांगा. रागावून नको हं, जवळ बसवून!