शेतराखणीची बंदूक दुसऱ्याला दिली तर काय होतं?

भात पिकायला लागलं की रानडुकरांचा त्रास वाढतो. कोकणात बऱ्याच शेतकऱ्यांकडे शेतीसंरक्षण परवान्याची बंदूक आहे. "आज रात्रीपुरती दे" म्हणून शेजारी मागतो आणि ओळखीपोटी ती दिली जाते. पण परवाना ज्याच्या नावावर आहे, त्यानेच ती वापरायची असते.

विनापरवाना बंदूक बाळगल्यास शस्त्र कायदा १९५९ नुसार २ ते ५ वर्षे कैद होऊ शकते. देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो, परवाना रद्द होऊ शकतो.

खरा धोका जिवाचा. नवखा माणूस अंधारात काही हललं की बार टाकतो. समोर डुक्कर नसून राखणीला आलेला माणूसही असू शकतो. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. निष्काळजीपणामुळे कुणी दगावलं तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

बंदूक कुलपात ठेवा, दारू-काडतुसं वेगळी ठेवा. शेजाऱ्याला गरज असेल तर त्याने प्रशिक्षण घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतः अर्ज करावा. डुक्कर मारायला वन खात्याची परवानगी वेगळी लागते. नाही म्हटल्यावर शेजारी चार दिवस रुसेल, तेवढं सोसावं.