बेचकं जुनं, रबर नवं

निलंग्याकडच्या माळवदाच्या घरांत, देवळीत नाहीतर तुळईच्या सांदीत खोवलेली एखादी जुनी गलोल अजूनही सापडते. बोरीचं किंवा पेरूचं बेचकं, हाताच्या घामानं काळं-गुळगुळीत झालेलं, आणि दोन्ही टोकांना लोंबणारं वाळकं रबर. लाकडाला सहसा काही झालेलं नसतं. रबर मात्र ताणायला जावं तर हातातच तुटतं. अशी गलोल लोक शोभेला म्हणून भिंतीवर टांगतात. मला ते पटत नाही. रबर बदललं की ती पुन्हा चालते. ते कसं बदलायचं हे माहीत असलेली माणसं कमी होत चालली आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

गोफण फार जुनी. मोहेंजोदडोच्या उत्खननात भाजक्या मातीचे गोफणगुंडे मिळाले आहेत, आणि आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली की माच्यावर उभं राहून पाखरं हाकायला तीच गोफण फिरायची. बेचक्याच्या गलोलीचं वय त्या मानानं कमी. रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं, तोवर ती होणंच शक्य नव्हतं. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला रबरात गंधक घालून तापवण्याची रीत सापडली, 1844 मध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं, आणि ताणलं की पुन्हा मूळ लांबीवर येणारं टिकाऊ रबर जगाला मिळालं. खेड्यापाड्यात ते आलं सायकलच्या चाकातून, आणि मग डनलप गाडीच्या. बैलगाडीची लोखंडी धाव जाऊन हवेचे टायर आले, तशा पंक्चरवाल्याकडे फाटक्या ट्यूबा साठू लागल्या. त्यातल्या लाल ट्यूबेवर पोरांचा डोळा असायचा. काळी कुणी घेत नसे.

पोरांची ती निवड अगदी बरोबर होती. ट्यूबेचं काम हवा धरून ठेवण्याचं, गलोलीच्या रबराचं काम झटक्यात आखडण्याचं. ही दोन कामं एका रबरात नीट बसत नाहीत. 1937 मध्ये अमेरिकेत ब्युटिल नावाचं कृत्रिम रबर तयार झालं. त्यातून हवा फार हळू झिरपते, म्हणून ट्यूबांसाठी ते सगळीकडे पसरलं. पण ते सुस्त. त्याचा चेंडू केला तर नीट उसळतसुद्धा नाही. ताणताना आपण घातलेला जोर ते बराचसा उष्णतेत घालवून बसतं. नैसर्गिक रबर घेतलेलं बहुतेक सगळं परत देतं.

बसस्टँडाजवळच्या एका पंक्चरच्या दुकानात मी जुनी गलोल घेऊन गेलो, तेव्हा दुकानदारानं आधी बेचकं हातात फिरवून बघितलं.

"कुठं घावली वो काका ही?"

"घरातच होती. हिला ट्यूब बघा एखादी."

त्यानं मोटारसायकलच्या काळ्या ट्यूबेची फीत कापली, ताणली, सोडली. फीत सावकाश आखडली. "ह्येनं चिमणीबी उडायची न्हाई," असं म्हणून त्यानं ती बाजूला टाकली आणि मेडिकलचा रस्ता दाखवला. सल्ला खरा होता. रक्त घेताना दंडाला बांधतात ती लॅटेक्सची पट्टी किंवा नळी झाडाच्या चिकाचीच असते, आणि गलोलीला तिच्यासारखं रबर नाही. घेताना पाकिटावर लॅटेक्स लिहिलंय का ते बघावं. हल्ली बिनलॅटेक्सच्या पट्ट्याही येतात आणि त्या उपयोगाच्या नाहीत.

आता बांधणी. जुनं रबर काढून बेचकं आधी उजेडात धरायचं. दोन फांद्या जिथं मिळतात त्या खोबणीत केसाएवढीही चीर दिसली, तर ती गलोल खरंच भिंतीवर टांगावी. ताणलेलं असताना तुटलेलं बेचकं थेट तोंडावर येतं. चीर नसेल तर टोकांच्या खाचांच्या कडा बारीक पॉलिश कागदानं गोल कराव्यात. धारदार कडेवरच पट्टी फाटते. लाकूड कोरडं पडलं असेल तर जवसाचं तेल चोळावं. हे तेल हवेनं वाळून लाकडात घट्ट बसतं. पण खाचांना ते लावू नये, आणि पूर्ण वाळल्याशिवाय रबर बांधू नये. तेल लागलं की नैसर्गिक रबर फुगतं आणि कुजतं. ही घाई नडते.

पट्टीची लांबी अंगाच्या मापानं ठरते. हात पुढे सरळ धरून गालापर्यंत ओढलं तर साधारण 75 सेंमी अंतर होतं. चांगलं लॅटेक्स पाचपट ताणलं जातं, म्हणजे मोकळी पट्टी 15 सेंमी, अधिक दोन्हीकडे बांधायला थोडी. बेचक्याकडे अडीच सेंमी रुंद आणि चामड्याकडे निमुळती, म्हणजे पुढचं टोक हलकं राहून वेगानं धावतं. कात्री वापरू नये. काच ठेवून नव्या ब्लेडनं एका ओढीत कापावं, कारण कडेला राहिलेला दातरा तिथूनच फाटत जातो. चामड्यासाठी चप्पल शिवणाऱ्याकडचा मऊ तुकडा घ्यावा आणि भोकं त्याच्याच पंचनं पाडून घ्यावीत. गोल भोक फाटत नाही, चाकूची चीर फाटते. दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून मापाव्यात. एक जरी तोकडी राहिली तर खडा वाकडा जातो, कधी अंगठ्यावर बसतो. बांधायला सुतळी नको, ती रबर कापते. रबराचीच बारीक फीत ताणून वेढे द्यावेत आणि टोक शेवटच्या वेढ्याखाली सरकवावं.

ओढून फार वेळ धरूही नये. इंग्लंडातल्या केंडल गावच्या जॉन गॉफ या अंध निसर्गअभ्यासकानं 1805 मध्ये रबर ओठाला लावून ताणलं, तेव्हा ते गरम झाल्याचं त्याला जाणवलं. ती ऊब हवेत निघून गेली की परतीचा जोरही कमी होतो. ओढावं, नेम धरावा, सोडावं. डोळ्यांना चष्मा हवाच.

नेम कशावर? पाखरांवर नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार बंद केली आहे आणि ते योग्यच झालं. लहानपणी आमच्याकडे होला, साळुंकी यांच्यावर सर्रास नेम धरला जायचा. त्या वयातल्या पोरांना डबा, टांगलेलं पोतं, बांधावरचं मडकं यांची गोडी लावायला हवी होती. रिकाम्या डब्यावर बसलेल्या मातीच्या गोळीचा आवाज तितकाच समाधान देतो.

रबर वर्ष-दोन वर्षांत थकणारच. पट्टी ताणून उन्हाकडे धरली की आडव्या बारीक रेषा दिसतात, बहुधा चामड्याच्या बाजूला. दिसल्या की बदलावी. पण टाकून देऊ नये. बेचक्याकडचा चांगला भाग पुढच्या खेपेला बांधायच्या फितींना उपयोगी पडतो. शंखजिऱ्याची पूड लावून, अंधारात, न ताणता ठेवावा.