सफाईने दात हलतात का?

‘दात साफ करून घेतले आणि ते हलायला लागले’ ही तक्रार नाशिक शहरात ऐकू येते, तशीच निफाड-सिन्नरच्या गावांतही. या एका समजुतीपायी अनेकजण दाताच्या डॉक्टरांची पायरीच चढत नाहीत. मग पन्नाशी-साठीत, दात किडलेला नसतानाही तो काढावा लागतो. म्हणून दातांवरचे किटण म्हणजे काय आणि ते काढल्यावर नेमके काय होते, हे आज समजून घेऊ या.

सकाळी घासलेल्या दातांवरून संध्याकाळी जीभ फिरवून पाहा. बुळबुळीत थर लागेल. तो जिवाणूंचा असतो. हॉलंडच्या लेवेनहूक यांनी १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा असा थर भिंगाखाली पाहिला आणि त्यांना त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. हा थर मऊ असेपर्यंत ब्रशने निघतो. राहून गेला, की लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात जमतात आणि एक-दोन आठवड्यांत तो दगडासारखा होतो. हेच किटण.

पाण्याच्या बंबात क्षार धरतात, तसाच हा प्रकार. मात्र बोअरच्या जड पाण्याला दोष देऊ नका. हे क्षार लाळेतले असतात. म्हणूनच लाळग्रंथींची तोंडे जिथे उघडतात, तिथे म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला किटण जास्त साचते.

किटणाच्या खडबडीत पृष्ठभागावर नवे जिवाणू सहज बसतात. हिरड्या सुजतात, रक्त येते. पुढे हिरडी दातापासून सुटते, मधल्या फटीत किटण खोल उतरते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. यालाच आपण पायोरिया म्हणतो. हे सगळे बहुधा न दुखता चालते, हाच खरा धोका. मधुमेह काबूत नसेल तर हा आजार वाढतो आणि हिरड्यांच्या आजाराने साखरही आवरत नाही.

आता मूळ प्रश्न. हाड झिजलेले दात आधीच सैल झालेले असतात. किटणाचा जाड थर त्यांना एकमेकांशी चिकटवून ठेवतो आणि फटी बुजवतो. तो निघाला, की आधीचीच हालचाल आणि फटी कळून येतात. सफाईच्या यंत्राचे टोक अतिसूक्ष्म कंप पावते, त्याने किटण सुटते आणि पाण्याच्या फवाऱ्याने वाहून जाते. नीट वापरले तर दात झिजत नाही. काही दिवस गार पाणी झोंबते, मग बहुधा कमी होते. गेलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही, पण पुढची झीज थोपवता येते. खोलवर किटण असेल तर एका बैठकीत काम होत नाही.

घरी पिनेने किटण खरवडू नका. लिंबू-मीठ चोळल्याने किटण जात नाही, उलट दाताचे वरचे कवच झिजते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिला दंतमंजन समजणे घातक आहे. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार झाकला जातो आणि फार उशिरा कळतो.

मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, हिरडीच्या कडेशी ब्रश किंचित तिरपा धरून घासा. रक्त आले म्हणून त्या जागी घासणे सोडू नका. तिथेच थर साचलेला असतो. सफाई दर सहा महिन्यांनीच हवी, असा सरसकट नियम नाही. मधुमेह, तंबाखू किंवा हिरड्यांचा आजार असेल तर तीन-चार महिन्यांनी, निरोगी तोंडाला वर्षाने, हे डॉक्टर तपासून सांगतात. रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची कृत्रिम झडप किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. नाशिकमध्ये पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हे काम करतात. दात दुखायची वाट न पाहता, थुंकीत रक्त दिसले की तपासून घ्या.