मुलींसाठी वाहतुकीची वाट

वाहतूक क्षेत्रातील नोकरी म्हटली, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्टिअरिंग धरलेला चालक उभा राहतो, आणि तो पुरुषच असतो. रस्त्याचा उतार ठरवणारे अभियंते, सिग्नलची वेळ आखणारे तज्ज्ञ, बंदरातील कंटेनरची ने-आण सांभाळणारे व्यवस्थापक, विमानांना मार्ग दाखवणारे नियंत्रक ही सारी मंडळी प्रवाशांच्या नजरेआड असतात. जे काम कधी पाहिलेच नाही, ते करिअर म्हणून निवडण्याचा विचार चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनात येणार तरी कसा? या प्रश्नाचे एक व्यवहारी उत्तर अमेरिकेत शोधले गेले. ते म्हणजे उन्हाळी सुट्टीत भरणारी वाहतूक क्षेत्राची ओळख-शिबिरे.

या उपक्रमाचा आरंभ १९९३ मध्ये दक्षिण कॅरोलायना राज्यातील ऑरेंजबर्ग येथे झाला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या साउथ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीने शालेय विद्यार्थ्यांसाठी वाहतूकविषयक उन्हाळी वर्ग सुरू केला. रस्ते आणि पूल उभारणाऱ्या पिढीची जागा घेण्यासाठी पुरेसे तरुण पुढे येत नाहीत, आणि जे येतात त्यांत स्त्रिया व अल्पसंख्य समाजातील मुले फार थोडी असतात, ही चिंता त्यामागे होती. संघराज्याच्या महामार्ग प्रशासनाने ही कल्पना उचलून धरली आणि पुढे देशभरातील अनेक विद्यापीठांत अशी शिबिरे भरू लागली. विद्यार्थ्यांकडून शुल्क न घेता चालणाऱ्या या शिबिरांत मुले-मुली एकत्र असतात. खास मुलींचा विचार केला तो 'डब्ल्यूटीएस' या संस्थेने. वाहतूक क्षेत्रातील स्त्रियांनी १९७७ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने 'ट्रान्सपोर्टेशन यू' हा १३ ते १८ वयोगटातील मुलींसाठीचा कार्यक्रम आखला. त्यात या क्षेत्रात काम करणाऱ्या स्त्रियाच मुलींच्या मार्गदर्शक असतात.

शिबिरात घडते काय?

शिबिरांची आखणी साधारणपणे रस्ते, रेल्वे, जल आणि हवाई वाहतूक व सुरक्षितता अशा विषयांनुसार केलेली असते. सकाळी वर्ग, दुपारी प्रात्यक्षिक वा क्षेत्रभेट, असा दिनक्रम असतो. हलक्या लाकडाच्या पट्ट्यांपासून मुली पूल बांधतात आणि तो मोडेपर्यंत त्यावर वजन चढवतात. पूल नेमका कोणत्या सांध्यात मोडला, हे पाहताना ताण आणि दाब या पुस्तकी संज्ञांना अर्थ येतो. छोट्या गाडीत अंडे ठेवून ती भिंतीवर आदळवायची आणि अंडे फुटू नये अशी पुढची बाजू तयार करायची, हा आणखी एक लोकप्रिय प्रयोग. मोटारीचा पुढचा भाग चेपला जावा अशीच त्याची रचना का केलेली असते, हे त्यातून सहज उमगते. विमानतळ, बंदर, पुलाचे चालू बांधकाम, शहराचे वाहतूक नियंत्रण केंद्र येथील भेटींत पडद्यामागची माणसे प्रत्यक्ष भेटतात.

सांगण्याजोगा इतिहासही हाताशी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग आजाराने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्या पत्नी एमिली यांनी अभियांत्रिकीचा अभ्यास करून वर्षानुवर्षे कामावर देखरेख ठेवली. तो पूल १८८३ मध्ये खुला झाला. मोटारीच्या काचेवरील वायपरचे पेटंट १९०३ मध्ये मेरी अँडरसन यांना मिळाले.

पंधरा सेकंद की सतरा?

मुलींनी या क्षेत्रात यावे, हा प्रश्न केवळ नोकऱ्यांच्या वाटपाचा नाही. सिग्नलचेच उदाहरण घ्यावे. पादचाऱ्याला रस्ता ओलांडण्यासाठी किती वेळ द्यायचा, हे त्याची चालण्याची गती गृहीत धरून ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमावलीत ही गती पूर्वी सेकंदाला चार फूट मानली जाई. २००९ च्या आवृत्तीत ती साडेतीन फूट करण्यात आली. साठ फुटी रस्त्यासाठी पहिल्या हिशेबाने पंधरा सेकंद मिळतात, दुसऱ्या हिशेबाने सतराहून थोडे अधिक. हा दोन सेकंदांचा फरक तरण्या माणसाच्या लक्षातही येणार नाही. पण काठी टेकत जाणाऱ्या आजीसाठी किंवा कडेवर मूल आणि हातात पिशव्या असलेल्या आईसाठी तो मोलाचा ठरतो. गणित तेच राहते, बदलते ते गृहीतक. ते गृहीतक मांडणाऱ्यांमध्ये कोण बसले आहे, याला म्हणून महत्त्व येते.

मोटारींच्या सुरक्षा चाचण्यांची कथा याहून गंभीर आहे. चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमुख पुतळ्याची शरीररचना सरासरी पुरुषाची होती. स्त्रीचा म्हणून जो पुतळा वापरला जाई, तो जेमतेम ४९ किलो वजनाच्या, अतिशय लहान चणीच्या स्त्रीचा. व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सीटबेल्ट लावलेल्या स्त्री-चालकांना तशाच अपघातात गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुष-चालकांपेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक होती. सरासरी स्त्रीच्या बांध्याचा, १६२ सेंटिमीटर उंचीचा आणि ६२ किलो वजनाचा पुतळा जगासमोर आला तो २०२२ मध्ये. तो साकारणाऱ्या स्वीडनमधील गटाचे नेतृत्व अ‍ॅस्ट्रिड लिंडर या महिला संशोधकाने केले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्रवासाच्या सवयींबाबतही हेच म्हणता येईल. घर ते कार्यालय आणि परत, असा सरळ प्रवास गृहीत धरून मार्ग आखले जातात. स्त्रियांच्या प्रवासात मात्र शाळा, बाजार, दवाखाना असे थांबे गुंफलेले असतात, हे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसले आहे.

वय महत्त्वाचे का?

ही शिबिरे पदवीधरांसाठी न ठेवता शाळकरी मुलींसाठी ठेवण्यामागे कारण आहे. अमेरिकी शाळांत वरच्या वर्गात विषय निवडण्याची मुभा असते. त्या वेळी उच्च गणित किंवा भौतिकशास्त्र सोडून दिलेल्या मुलीला पुढे अभियांत्रिकीकडे वळणे कठीण जाते. आपल्याकडे हा निर्णय दहावीच्या निकालानंतर, प्रवेशाच्या धावपळीत घेतला जातो. आयटीआय किंवा तंत्रनिकेतनातील पदविका ही रेल्वेत सहायक लोको पायलट होण्याची वाट असू शकते, हे त्या क्षणी किती घरांत ठाऊक असते?

या संदर्भात सुरेखा यादव यांचा प्रवास बोलका आहे. सातारा जिल्ह्यातील या मुलीने शिक्षिका होण्याचे मनात धरले होते. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतल्यावर त्यांनी रेल्वेच्या जागेसाठी अर्ज केला आणि १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या. आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांची ओळख झाली. २००० मध्ये मध्य रेल्वेची 'लेडीज स्पेशल', २०११ मध्ये 'डेक्कन क्वीन' आणि २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई 'वंदे भारत' त्यांनी चालवली. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. हे काम पाहून ती वाट निवडावी, असे एकही स्त्री-उदाहरण त्यांच्यापुढे नव्हते. आजच्या मुलींपुढे ते आहे. २०१७ पासून माटुंगा स्थानकाचा सारा कारभार महिला कर्मचाऱ्यांकडे सोपवण्यात आला. भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सरकारी माहितीनुसार सुमारे १५ टक्के, म्हणजे जगाच्या सरासरीहून बरेच अधिक आहे.

शिबिर संपल्यानंतर

अर्थात, दोन आठवड्यांच्या ओळखीने कुणी अभियंता होत नाही. शिबिरात जागलेले कुतूहल टिकवायचे, तर वर्षभर संपर्कात राहणारी मार्गदर्शक लागते, शिष्यवृत्ती लागते आणि घरच्यांचा विश्वासही लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्या क्षेत्राचे दार मुलींना दाखवायचे, ते आतून त्यांच्यासाठी सिद्ध असावे लागते. इंजिनात स्वच्छतागृह नसणे, रात्रपाळीनंतर सुरक्षित विश्रांतीची सोय नसणे या तक्रारी भारतीय रेल्वेतील महिला लोको पायलट वर्षानुवर्षे मांडत आल्या आहेत. त्यांची दखल न घेता मुलींना नुसते आवाहन करणे अपुरे ठरेल.

तरीही आरंभ ओळखीपासूनच होतो. महाराष्ट्रात रेल्वेच्या कार्यशाळा आहेत, एसटीचे डेपो आहेत, बंदरे आहेत, मेट्रोची कामे सुरू आहेत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचीही वाण नाही. मे महिन्याच्या सुट्टीत यांपैकी एखाद्या ठिकाणी नववी-दहावीच्या मुलींना आठवडाभर नेऊन तिथल्या स्त्री-कर्मचाऱ्यांशी त्यांची गाठ घालून देण्यास फार मोठा खर्च येणार नाही. विषय निवडण्याचा अर्ज भरण्यापूर्वी ही भेट घडली, तर त्या अर्जावरील एखादा पर्याय निराळा असू शकेल.