पाळक, मंडळी आणि दरबार : मराठी ख्रिस्ती समाजातील सेवा व नेतृत्वाचा पुनर्विचार

गोषवारा

समकालीन ख्रिस्ती विचारविश्वात चर्चचे स्वरूप, सेवाकार्य आणि नेतृत्व यांची नव्याने मांडणी होत आहे. ही चर्चा बहुधा पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे केली जाते. प्रस्तुत लेखात तिचा विचार मराठी ख्रिस्ती समाजाच्या अनुभवातून केला आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मांडलेली 'देवाचा दरबार' ही कल्पना केंद्रस्थानी ठेवून, सेवा हे पद आहे की शिष्यत्वाचा सहज आविष्कार आहे, या प्रश्नाचा येथे परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : मंडळी, पाळक, सेवाकार्य, देवाचा दरबार, स्वावलंबन, सहभागी नेतृत्व.

१. प्रस्तावना

मराठी प्रॉटेस्टंट परंपरेत 'चर्च' या अर्थी 'मंडळी' हा शब्द रूढ आहे. नव्या करारातील 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलमध्येही तोच योजलेला आढळतो. दोन्ही शब्दांचा मूळ रोख एकत्र आलेल्या माणसांकडे आहे, वास्तूकडे किंवा कार्यालयाकडे नाही. व्यवहारात मात्र 'चर्च' म्हटले की इमारत, आवार, पाळक आणि समिती यांचेच चित्र प्रथम डोळ्यांसमोर उभे राहते. शब्द आणि व्यवहार यांतील हे अंतर कसे पडले आणि ते कमी करण्याचे कोणते प्रयत्न झाले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी होती. संख्येने लहान असलेल्या या समाजाने शिक्षण, आरोग्य आणि साहित्य या क्षेत्रांत मोठ्या संस्था उभ्या केल्या. त्यामुळे त्याच्या अंतर्गत नेतृत्वाचा प्रश्न हा केवळ धर्मशास्त्राचा प्रश्न राहत नाही. समाजशास्त्र आणि इतिहास यांच्या अभ्यासकांनाही तो महत्त्वाचा वाटावा असा आहे.

२. 'पाळक' आणि 'सेवक' : दोन प्रतिमा

नव्या करारात नेतृत्वाच्या किमान दोन प्रतिमा आढळतात. पहिली मेंढपाळाची. 'पाळक' हा मराठी शब्द तिच्यातूनच आला. या प्रतिमेत जिव्हाळा आहे, तसाच एक धोकाही आहे. पाळक एक आणि कळप अनेक असे समीकरण रूढ झाले, की सभासदांकडे अनुसरण्यापलीकडे कोणतीही भूमिका उरत नाही.

दुसरी प्रतिमा सेवकाची. 'डायकोनिया' या ग्रीक शब्दाचा अर्थ सेवा. त्यात पंक्तीला वाढण्याच्या कामाचाही समावेश होतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात भेदभाव होतो अशी तक्रार येते, तेव्हा समुदायाकडूनच सात माणसे निवडली जातात. इफिसकरांस पत्रातील चौथ्या अध्यायात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक यांचा उल्लेख आहे. तेथे या सर्वांचे प्रयोजन पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करणे हे सांगितले आहे. म्हणजे पाळकाने सर्वांच्या वतीने सेवा करावी असे नसून, सर्वांना सेवा करता यावी म्हणून पाळक असावा, असा हा विचार आहे. सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपण हा मार्टिन ल्यूथर यांनी १५२० साली आग्रहाने मांडलेला सिद्धान्तही याच दिशेचा होता.

३. मिशन व्यवस्था आणि वेतनी नेतृत्व

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे सुरू झाले. या मिशनची पालक संस्था असलेल्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांनी स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार ही त्रिसूत्री पुरस्कारिली. स्थानिक मंडळी आपल्या पायांवर उभी राहिली, की मिशनरीने पुढच्या प्रदेशात जावे, अशी त्यामागील भूमिका होती. १८५४-५५ साली अँडरसन स्वतः भारतात येऊन गेले.

तत्त्व आणि परिस्थिती यांचा मेळ मात्र बसला नाही. अहमदनगर परिसरात ख्रिस्ती झालेल्या लोकांत भूमिहीन अस्पृश्य समाजांतील कुटुंबांचे प्रमाण मोठे होते. पाळकाचा चरितार्थ चालवण्याची ऐपत अनेक मंडळ्यांपाशी नव्हती. साहजिकच शिक्षक, सुवार्तिक, बायबल स्त्रिया आणि पाळक यांपैकी पुष्कळांचे वेतन मिशनकडून येत राहिले. ज्याच्याकडून वेतन येते त्याच्याकडे उत्तरदायित्व जाते, हा कोणत्याही संस्थेचा नियम येथेही लागू पडला. सेवक मंडळीचा राहण्याऐवजी मिशनचा झाला. सेवेलाही नोकरीचे रूप आले आणि सर्वसामान्य सभासदाची ती जबाबदारी आहे, ही जाणीव क्षीण झाली. याचा दोष व्यक्तींच्या हेतूंना देता येणार नाही. तो व्यवस्थेच्या रचनेतच होता.

४. 'देवाचा दरबार' : एक पर्यायी मांडणी

या पार्श्वभूमीवर टिळकांचा प्रयोग समजून घ्यावा लागतो. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. कवी आणि 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक म्हणून त्यांचे नाव झाले होते. १९१७ साली त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडली, संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला.

या कल्पनेत तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, सेवा आणि वेतन यांची फारकत. साधुत्वाची मराठी मुलखाला परिचित असलेली रीत स्वीकारून टिळकांनी नेतृत्वाचा आधार पदाकडून आचरणाकडे नेला. दुसरी, सभासदत्वाच्या सीमेचा पुनर्विचार. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना दरबारात स्थान होते. एखाद्या संस्थेच्या नोंदवहीपेक्षा ख्रिस्ताशी असलेले नाते येथे निर्णायक मानले गेले. तिसरी, उपासनेची भाषा. अभंग, भजन आणि कीर्तन हे प्रकार टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत दृढमूल केले. त्यांची अनेक गीते 'उपासना संगीत'मधून मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात. ज्या भाषेत शेतकरी आणि गृहिणीही सहभागी होऊ शकते, त्या भाषेतच सामुदायिक सेवा शक्य होते, हे त्यांनी ओळखले होते.

५. प्रयोगाच्या मर्यादा

मे १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि त्यानंतर दरबार संघटना म्हणून फार काळ टिकला नाही. संस्थेच्या जडत्वावर उपाय म्हणून पुढे आलेली चळवळ एका व्यक्तीच्या तेजावर उभी होती, हा यातील विरोधाभास दुर्लक्षिता येत नाही. दुसरी मर्यादा सामाजिक आहे. वेतनाचा त्याग हे काहींच्या बाबतीत वैराग्य ठरते. पण पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्य भोगलेल्या दलित ख्रिस्ती सुवार्तिकाच्या दृष्टीने नियमित वेतन हाच सन्मानाने जगण्याचा पहिला आधार होता. म्हणून 'वेतन नको' हा आदर्श सरसकट लागू करणे अन्यायाचे ठरेल. खरा प्रश्न वेतन असावे की नसावे हा नाही. ते कोण देतो आणि सेवक कोणाला उत्तरदायी असतो, हा आहे.

नेतृत्वाचे दुसरे एक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांच्याकडे दीक्षित पद नव्हते. तरीही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळग्रस्त आणि निराधार स्त्रियांना आश्रय दिला, विविध कामांचे शिक्षण दिले आणि बायबलच्या भाषांतराचे व मुद्रणाचे काम त्यांच्या साहाय्याने चालवले. ज्यांची सेवा करायची, त्यांनाच सेवेत भागीदार करून घेण्याची ही रीत होती. टिळकांच्या निधनानंतर दरबार ओसरला. मुक्ती मिशन मात्र १९२२ साली रमाबाईंच्या निधनानंतरही चालू राहिले. टिकून राहण्याचे एक कारण या भागीदारीत शोधता येते.

६. समकालीन संदर्भ

अहमदनगर परिसरातील या मिशनच्या मंडळ्या प्रथम १९२४ साली स्थापन झालेल्या उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये आणि त्यामार्गे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. बिशप, वडीलवर्ग आणि स्थानिक मंडळी या तिन्ही परंपरांचा मेळ तिच्या घटनेत घातला आहे. परदेशी मिशनकडील अधिकार भारतीय धर्मप्रांतांकडे आला. परंतु मालमत्तेची जबाबदारीही सोबत आली. निवडणुका, विश्वस्तपदे आणि न्यायालयीन वाद यांत नेतृत्वाची शक्ती खर्च होते, ही तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते. स्वशासन मिळाले, तरी सभासदाची भूमिका मतदारापुरतीच उरली, तर त्रिसूत्रीचा हेतू सफल झाला असे म्हणता येणार नाही.

कॅथलिक चर्चमध्येही हाच प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) चर्चला 'देवाची प्रजा' म्हणून संबोधले, प्रापंचिकांच्या सेवाकार्याला प्रतिष्ठा दिली आणि उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आरंभलेली सहप्रवासी चर्चची प्रक्रिया २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अंतिम दस्तऐवजापर्यंत पोहोचली. या प्रक्रियेत २०२३ च्या सभेत स्त्रियांना प्रथमच मताधिकार मिळाला. कॅथलिक धर्मगुरुपद स्त्रियांना खुले नाही. प्रॉटेस्टंट प्रवाहात मात्र चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ साली नंद्याल धर्मप्रांतात ई. पुष्पा ललिता यांच्या रूपाने पहिली स्त्री-बिशप नेमली.

सेवेचे क्षेत्र वेदीपुरते मर्यादित नाही, याचे ठळक मराठी उदाहरण वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे होते. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, हरित वसईचा लढा आणि 'सुबोध बायबल' यांतून त्यांनी धर्मगुरूची भूमिका समाजाच्या अंगणात आणली. २०२० साली धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) पदे नष्ट केल्याने नेतृत्वाचा प्रश्न सुटत नाही. पदाधिकाऱ्याने इतरांना सेवेसाठी किती सिद्ध केले, हाच पदाचा निकष असावा.

२) आर्थिक स्वावलंबनाला अंतर्गत उत्तरदायित्वाची जोड नसेल, तर परावलंबनाची जागा केवळ नवी सत्ताकेंद्रे घेतात.

३) स्त्रिया आणि दलित सभासद यांचा निर्णयप्रक्रियेतील वाटा हा पुनर्विचाराचा परिशिष्टवजा भाग नाही; त्याच्या प्रामाणिकपणाची ती कसोटी आहे.

४) उपासनेची भाषा लोकांची असेल, तरच सहभाग खरा ठरतो.

टिळकांचा दरबार टिकला नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनंतरही शिल्लक आहे. रविवारी बाकांवर बसणारी माणसे पाळकाच्या सेवेचा विषय आहेत की स्वतः सेवक आहेत, याचे उत्तर प्रत्येक पिढीतील मंडळीला आपल्या व्यवहारातून द्यावे लागते. ते उत्तर कसे दिले जाते, यावरच 'मंडळी' या शब्दाची सार्थकता अवलंबून राहील.