आयरिश प्रश्न : धर्माचा की भाकरीचा?

संसदेत मार्गदर्शक तत्त्वांचा विषय निघाला, की कोणीतरी आयर्लंडचे नाव घेतोच. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेवरून ही कल्पना आपण उचलली, हे वाक्य स्पर्धा परीक्षा देऊन दिल्लीत आलेल्या प्रत्येक मराठी अधिकाऱ्याला पाठ असते. राज्यसभेतील बारा नियुक्त सदस्यांची तरतूदही तिथलीच. त्यापुढे मात्र आयर्लंडची चौकशी फारशी होत नाही. वास्तविक ज्या कलमावरून आपण ही तत्त्वे घेतली, त्याच्या पोटातच एक जुना वाद दडलेला आहे. आयरिश घटनेचे ४५ वे कलम कॅथलिक चर्चच्या सामाजिक शिकवणुकीच्या छायेत लिहिले गेले. रोमला मूठभरांची मक्तेदारी नको होती आणि समाजवाद तर त्याहून नको होता. हवा होता तो छोट्या खासगी मालकांचा, कुटुंबवत्सल समाज. म्हणून साधनसंपत्तीची वाटणी सार्वजनिक हिताला पोषक व्हावी असे सांगताना ती खासगी व्यक्ती आणि निरनिराळे वर्ग यांच्यात व्हावी, अशी पुस्ती त्या कलमात आहे. आपल्या ३९ व्या कलमाच्या खंड (ख) मध्ये हीच रचना आली, पण ही पुस्ती गळाली. त्या कलमाच्या कक्षेत खासगी मालमत्ता कितपत येते, हे ठरवायला मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींना ५ नोव्हेंबर २०२४ पर्यंत यावे लागले. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती नव्हे, असा निर्णय बहुमताने झाला.

सांगायचे एवढेच, की धर्म आणि अर्थकारण ही डब्लिनमध्ये दोन वेगळी खाती कधीच नव्हती. तरीही गेल्या सव्वाशे वर्षांत आयर्लंडच्या दुर्दशेवर जेवढा वाद झाला, तो बहुतेक या दोहोंपैकी एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून झाला.

या वादाचा सर्वांत गाजलेला अंक १९०४ साली घडला. सर होरेस प्लंकेट हे प्रोटेस्टंट जमीनदार घराण्यातले, काही काळ ब्रिटिश पार्लमेंटमध्ये युनियनिस्ट सदस्य असलेले गृहस्थ. आयर्लंडमध्ये सहकारी चळवळ रुजवण्याचे श्रेय त्यांचे. १८८९ पासून त्यांनी गावोगाव शेतकऱ्यांच्या लोणी काढणाऱ्या सहकारी संस्था उभ्या केल्या. डेन्मार्कचे लोणी इंग्लंडच्या बाजारात आयरिश लोण्याला मागे सारत होते, त्यावरचा हा उतारा होता. (आपल्याकडच्या सहकारमहर्षींच्या चरित्रकारांनी या माणसाकडे अजून नीट पाहिलेले नाही.) अशा कर्त्या माणसाने ‘आयर्लंड इन द न्यू सेंच्युरी’ या पुस्तकात लिहिले, की आयरिश शेतकऱ्याच्या मागासलेपणाचे एक कारण त्याचा धर्म आहे. कॅथलिक शिकवणूक परलोकाकडे डोळे लावते, अधिकारापुढे मान तुकवायला शिकवते, त्यामुळे उद्यमशील स्वभाव घडत नाही, असा त्यांचा आशय. योगायोग असा, की जर्मनीत मॅक्स वेबर यांचा प्रोटेस्टंट नीतीवरचा निबंध याच सुमारास, १९०४-०५ मध्ये छापला जात होता. त्या काळाच्या हवेतच हा विचार होता.

धर्मगुरू मायकेल ओ’रिओर्डन यांनी प्लंकेट यांना जाडजूड ग्रंथ लिहून उत्तर दिले. मुद्दे बिनतोड होते. बेल्जियम कॅथलिक आहे, मग त्याच्या गिरण्या कशा चालतात? आणि ज्या लोकांना कायद्यानेच दरिद्री केले, त्यांच्या दारिद्र्याचे खापर त्यांच्या प्रार्थनेवर कसे फोडता? १६९९ च्या कायद्याने आयरिश लोकरी कापडाच्या निर्यातीचा गळा घोटला गेला. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना जमीन विकत घेण्यास मनाई झाली. कॅथलिक बापाची जमीन सर्व मुलांत तुकडे करून वाटावी लागे, मात्र थोरल्याने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला तर सगळी त्याला मिळे. धर्मावरून माणसाची शेतजमीन ठरवणारा कायदा जिथे शतकभर होता, तिथे धर्म कुठे संपतो आणि अर्थकारण कुठे सुरू होते, हे कोणी आणि कसे सांगायचे? प्लंकेट यांच्या चळवळीतील त्यांचे सर्वांत निकटचे सहकारी फादर टॉम फिनले हे स्वतः जेझुइट धर्मगुरू आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, हेही त्या वादाच्या धुरळ्यात अनेक जण विसरले.

साम्राज्याच्या बाजूने पाहिले तरी ही सरमिसळ दिसते. १८४५ पासूनच्या महादुष्काळात बटाट्याचे पीक कुजून सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. मदतकार्याची सूत्रे लंडनच्या अर्थखात्यात चार्ल्स ट्रेव्हेलियन या अधिकाऱ्याच्या हाती होती. मेकॉलेचा हा मेहुणा भारतात नोकरी करून गेलेला होता आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर व कलकत्त्यात अर्थसदस्य म्हणून परत आला. बाजाराच्या व्यवहारात सरकारने हात घालू नये, हे त्याचे अर्थशास्त्र. हे संकट म्हणजे बिघडलेल्या समाजाला वळणावर आणण्याची ईश्वरी योजना आहे, हा त्याचा धर्म. दोन्हींचा निष्कर्ष एकच निघत होता, की धान्य फुकट वाटू नये. आयरिश माणूस धर्मभोळा म्हणून मागे पडला असे म्हणणाऱ्यांनी कारकुनी टेबलावरच्या या धर्मभोळेपणाचा हिशेब सहसा केलेला नाही.

माझ्या मते खरी गाठ दुष्काळानंतर बसली. १८४१ च्या शिरगणतीत बेटाची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती. १९११ मध्ये ती ४४ लाखांच्याही आत आली. जे उरले त्यांनी एक धडा घेतला, की जमिनीचे तुकडे करायचे नाहीत. जमीन एका मुलाला जाईल, त्याचे लग्न बाप कारभार सोडील तेव्हा, म्हणजे बहुधा उशिरा होईल. हुंडा एकाच मुलीला मिळेल. बाकीच्यांनी बोस्टनची किंवा लिव्हरपूलची बोट धरावी, नाहीतर मठात जावे. ही व्यवस्था पूर्णपणे आर्थिक होती. पण ती टिकवायची, तर तरुण-तरुणींनी वर्षानुवर्षे अविवाहित आणि निर्व्यसनी राहणे आवश्यक होते. ते शिस्तीचे काम चर्चने केले. रविवारच्या प्रार्थनेला झाडून सारे गाव जमते हे आयर्लंडचे चित्र सनातन नाही, ते बरेचसे दुष्काळानंतर कार्डिनल कलन यांच्या काळात घडले, असे इतिहासकार एमेट लार्किन यांनी १९७२ मध्ये मांडले. शेतावर टिकून राहिलेल्या कुटुंबाला असा धर्म हवा होता आणि चर्चला असे कुटुंब हवे होते. दोघांच्याही हिशेबात बसले नाहीत ते तरुण देशाबाहेर गेले.

शहरात हीच गोष्ट अधिक उघडी पडली. १९१३ च्या डब्लिन टाळेबंदीत सुमारे वीस हजार कामगार बेकार झाले. मालकांचे पुढारी विल्यम मार्टिन मर्फी हे परके नव्हते, इंग्रजही नव्हते. ते कॅथलिक होते, माजी राष्ट्रवादी खासदार होते. त्या काळी डब्लिनमध्ये वीस हजारांहून अधिक कुटुंबे एकेका खोलीत राहत होती. संपकऱ्यांच्या उपाशी मुलांना काही दिवस इंग्लंडमधील कामगार कुटुंबांत ठेवण्याची योजना निघाली, तेव्हा आर्चबिशप वॉल्श यांनी जाहीर पत्र लिहून आयांना बजावले, की तिथे मुलांच्या श्रद्धेची शाश्वती काय? बंदरावर आणि स्थानकावर धर्मगुरूंनी आणि जमावाने मुले अडवली. वॉल्श दुष्ट नव्हते, मजुरांविषयी त्यांना कळवळाही होता. परंतु मूल उपाशी राहणे आणि मूल प्रोटेस्टंट घरात जेवणे, यांत मोठा धोका कोणता, याचे त्यांचे उत्तर ठरलेले होते. जेम्स कॉनोली यांनी १९१० मध्येच एका पुस्तिकेत धर्मगुरूंशी या विषयावर दोन हात केले होते. १९१६ च्या उठावानंतर कॉनोलींना गोळ्या घातल्या गेल्या आणि ते राष्ट्राचे हुतात्मे झाले. त्यांचा युक्तिवाद मात्र बाजूला पडला.

उत्तरेत, अल्स्टरमध्ये, हाच पट उलटा मांडलेला होता. बेलफास्टकडे ताग्याचे तागे लिनन विणणाऱ्या गिरण्या आणि टायटॅनिक बांधणारी गोदी होती. बाजारपेठ साम्राज्याची होती. होमरूल आले तर डब्लिनचे सरकार जकाती लादून हा व्यापार बुडवील, ही भीती आर्थर ग्रिफिथ यांच्या संरक्षक जकातीच्या सिद्धान्तामुळे अगदीच निराधार नव्हती. २८ सप्टेंबर १९१२ रोजी लाखो अल्स्टरवासीयांनी ज्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, त्यात पहिले कारण अल्स्टरच्या भौतिक सुस्थितीचे आहे. धार्मिक स्वातंत्र्याचा क्रम त्यानंतरचा. रस्त्यावरची घोषणा मात्र होमरूल म्हणजे रोमचे राज्य, अशी होती. त्याच वर्षी गोदीतून कॅथलिक कामगारांना मारझोड करून हाकलले गेले. नोकरी कोणाला, हा प्रश्न तिथे पंथाच्या भाषेत सुटत होता.

स्वातंत्र्यानंतर दक्षिणेला आपल्या मनाप्रमाणे राज्य करता आले. परके जमीनदार गेले, संसद स्वतःची आली, घटस्फोटावर घटनेनेच बंदी आली, घटनेत चर्चला खास स्थान मिळाले. तरीही माणसे जातच राहिली. १९५१ ते १९६१ या दशकात चार लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला आणि १९६१ च्या गणतीत लोकसंख्या २८ लाख १८ हजारांवर, आजवरच्या नीचांकावर आली. आयरिश वंशच लोप पावणार काय, यावर तेव्हा पुस्तके निघत होती. बिशप म्हणत, तरुणांना शहरी चैनीचा मोह आहे. टीकाकार म्हणत, बिशपांनीच देशाचा श्वास कोंडला आहे. १९५१ मध्ये आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांची माता-बाल आरोग्य योजना बिशपांच्या विरोधाने कोसळली, ही त्या दुसऱ्या बाजूची हुकमी साक्ष. पण त्या योजनेला डॉक्टरांच्या संघटनेचाही कडवा विरोध होता. मोफत तपासणीने आपले उत्पन्न बुडेल, ही त्यांची धास्ती होती. डॉक्टरांनी आपला हिशेब बिशपांच्या झग्याआड ठेवला, इतकेच.

मग देश सावरला कसा? धर्म सोडून नव्हे. १९५८ मध्ये अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटेकर यांनी ‘इकॉनॉमिक डेव्हलपमेंट’ हा अहवाल दिला. जकातींच्या भिंती पाडा, परकीय भांडवल आणा, शेतीत उत्पादक खर्च करा, असे सांगणारा हा अहवाल एका सनदी अधिकाऱ्याने आपल्या सहकाऱ्यांसह लिहिला, ही गोष्ट या पानाच्या वाचकांना आवडावी. व्हिटेकर श्रद्धाळू कॅथलिक होते आणि राष्ट्राच्या मरगळीविषयी लिहिताना त्यांनी एका बिशपच्याच लेखाचा आधार घेतला होता. पुढे १९६७ पासून मोफत माध्यमिक शिक्षण, १९७३ मध्ये युरोपीय समुदायाचे सदस्यत्व. या सर्व काळात, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीसही, दर दहा कॅथलिकांपैकी नऊ जण रविवारी चर्चमध्ये जात होते. चर्चची पकड सुटली ती नंतर, समृद्धी आल्यावर आणि धर्मसंस्थांमधील बालकांच्या छळाची प्रकरणे उघडकीस आल्यावर. १९९५ मध्ये घटस्फोटाला सार्वमताने निसटती मान्यता मिळाली. २०१८ मध्ये गर्भपातावरील घटनात्मक बंदी दोन तृतीयांश मतांनी गेली. त्या दुसऱ्या सार्वमतामागे, २०१२ मध्ये गॉलवेत गर्भपात नाकारला गेल्यानंतर मृत्यू पावलेल्या, मूळच्या बेळगावच्या तरुण दंतवैद्य महिलेची आठवण होती. प्लंकेट यांचा सिद्धान्त खरा असता, तर क्रम उलटा लागायला हवा होता.

उत्तरेत १९६८ च्या मोर्चांच्या मागण्या पाहाव्यात. पालिकेच्या निवडणुकीत घरधारकालाच मत आणि पंथ पाहून सरकारी घराचे वाटप, म्हणून ज्याला घर नाही त्याला मतही नाही. याविरुद्ध तो लढा होता. डेरीमध्ये कॅथलिक बहुसंख्य असूनही प्रभागरचनेच्या करामतीने पालिका युनियनिस्टांकडे राहत असे. पुढची तीस वर्षे तो धर्मयुद्ध म्हणून जगाला दिसला. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराची वाहवा होते ती योग्यच, परंतु त्याआधी १९८९ च्या कायद्याने मोठ्या मालकांना आपल्या कामगारांची पंथवार मोजणी सादर करायला लावली होती, याची चर्चा कमी होते. माझ्या दृष्टीने तो करारातल्या कित्येक कलमांइतकाच महत्त्वाचा आहे.

आज पारडे फिरले आहे. दक्षिण श्रीमंत आहे, उत्तर लंडनच्या अनुदानावर चालते. २०२१ च्या गणतीत उत्तरेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक प्रथमच प्रोटेस्टंटांहून अधिक भरले. एकीकरणाच्या चर्चेत आता पोपचे नाव निघत नाही. निवृत्तिवेतन कोण देणार आणि डॉक्टरकडे गेल्यावर पैसे पडणार काय, हे विचारले जाते.

आणि दक्षिणेत राष्ट्रवादाचा नवा अध्याय सुरू झाला आहे. मालवण तालुक्यातील वराड गावच्या वंशजाने, लिओ वराडकर यांनी, २०१७ मध्ये पंतप्रधानपद स्वीकारले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी गुढ्या उभारल्या. वराडकर २०२४ मध्ये पायउतार झाले. २०२२ च्या गणतीत तिथे भारतीय नागरिक पंचेचाळीस हजारांवर होते. त्यांत संगणक क्षेत्रातले आहेत, रुग्णालयांतील परिचारिकाही आहेत. २००८ च्या आर्थिक कोसळण्यानंतर घरबांधणी वर्षानुवर्षे ठप्प राहिली, भाडी गगनाला भिडली, तिशीतली मुले आईबापांच्या घरी राहू लागली. देश भरला आहे, ही घोषणा त्यातून आली. २०२३ च्या नोव्हेंबरात डब्लिनमध्ये दंगल झाली. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले आणि ऑगस्टमध्ये आपल्या दूतावासाला तेथील भारतीयांसाठी सावधगिरीची सूचना काढावी लागली. तत्कालीन अध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी हल्ल्यांचा निषेध केला आणि स्थलांतर हा आयर्लंडच्याच इतिहासाचा भाग असल्याचे देशवासीयांना बजावले. घोषणा देणाऱ्यांपैकी काहींच्या हाती आता क्रूस आणि जपमाळ दिसते. घरांची टंचाई मात्र गृहनिर्माण खात्याच्या फायलीतच आहे.